जमनाबाईंना देवी म्हणू नका

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. आधीच सांगून ठेवते, माझ्या पाया पडू नका. मी साधी लोखंडाची आहे.

वाशिम जिल्ह्यातल्या जऊळक्यात, जमनाबाईंच्या ओसरीवर माझी तीस वर्षे गेली. आम्ही दोघींनी गावातल्या लेकरांची झबली शिवली, नवरीच्या चोळ्या शिवल्या. बाईंचे काम चोख, जीभ तिखट. गाव मात्र तो तिखटपणा विसरले आणि त्यांना देवी म्हणू लागले. मग त्यांना कुणी ‘थकलात का’ असे विचारीना. माझेही तेच झाले. दसऱ्याला माझ्या चाकाला हळदकुंकू लागायचे, पण तेलाचा थेंब मिळत नसे.

पुढे बाईंना सुईत धागा ओवता येईना. मोतीबिंदू झाला होता. मंगरूळपीरला ऑपरेशनची तारीख ठरली. आदल्या दिवशी शेजारची पंचफुला शाळेतल्या नाचाचे वीस घागरे घेऊन आली.

“परवा नाच हाय, जमनामाय.”

“मले उद्या डोयाच्या आपरेशनले जा लागते.”

“तुमी तं साक्षात देवी! तुमाले काय होते?”

पंचफुलाने धागा ओवून दिला आणि बाई शिवायला बसल्या. तिसऱ्याच घागऱ्याला माझी सुई त्यांच्या बोटात शिरली. पंचफुला धावली, पण आधी तिने कापड ओढले. “अवं माय, डाग पडला नं!”

जमनाबाई ताडकन उठल्या.

“पंचफुला, देवीच्या बोटातून रगत निघत नाही. मले दिसत नाही, मी थकली, मले रागही येते. ने हे घागरे!”

“लोक काय म्हनतीन?”

“म्हनू दे, जमना बिघडली म्हून!”

पहाटेच्या एसटीने त्या गेल्या. घागरे बायांनी हातानेच कसेबसे शिवले. पोरी नाचल्या. गाव आठवडाभर बाईंवर रुसले, त्या ऑपरेशन करून परतल्या तरी ओसरीवर कुणी फिरकले नाही.

आठव्या दिवशी पंचफुला आली. हात न जोडता बाईंच्या शेजारी बसली.

“दुखते काय वं, माय?”

“दुखते,” बाई म्हणाल्या, आणि डोळ्यावरच्या पट्टीखालून पाणी वाहू लागले.

मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याला मखरात बसवू नका. मखरात हातपाय पसरायलाही जागा नसते. त्याला चिडू द्या, चुकू द्या, ‘नाही’ म्हणू द्या.

जमनाबाई आता दुपारी खुशाल झोपतात. कुणी हाक मारली, तर आतूनच ओरडतात, “उद्या येजो!”

तीस वर्षांत इतका गोड आवाज मी ऐकला नव्हता.