नखाखालची सूज

माझी नखं बघून सुनेनं, यामिलानं, माझा येर्बाचा पेला वेगळा केला. आमच्या रोसारिओ शहरात हा कडू चहा अख्खं घर एकाच पेल्यातून, एकाच नळीनं पितं. आणि मला म्हणे, "हा निळा तुमचा!" वाटेवरच्या माणसालाही आम्ही असं वागवत नाही. तेही गिळलं असतं मी. पण नात झाली, मोरेना, आणि माझ्या पोटच्या पोरानं, एसेकिएलनं, मला दारातच अडवलं. "आई, बाळाला हात नको लावूस. तुझी बुरशी लागेल तिला."

बुरशी! औषधाच्या दुकानातल्या बाईनं काउंटरवरूनच ठरवून टाकलं होतं. वर्षभर तिचं औषध थापलं, नखं आपली जाड, पिवळी, खड्डेखड्डे पडलेली. पोर तीन महिन्यांची झाली तरी मी तिला लांबूनच बघायची. मेलं कसलं हे आजीपण!

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी नखाचा तुकडा बुरशीच्या तपासणीला पाठवला, आणि नखांची सोनोग्राफी लिहून दिली. एसेकिएल सोबत आला. आला म्हणजे काय, उपकार केल्यासारखा भिंतीला टेकून उभा राहिला.

सोनोग्राफीच्या बासुआल्दो डॉक्टरीणबाईंनी नखावर जेलचा ढीग घातला आणि यंत्र अगदी अलगद टेकवलं. "दाबलं तर रक्त बाजूला सरतं, मग काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "हे बघा पडद्यावर. चांगल्या नखाच्या दोन स्वच्छ रेषा दिसतात, तुमच्या पुसल्यात. खाली हे लाल दिसतंय ना? सुजेमुळे रक्त जास्त धावतंय. बुरशीच्या तपासणीत तर तुमच्या काहीच निघालं नाही. हा सोरायसिस आहे. कुणाला लागत नाही."

"ऐकलंस का रे, शहाण्या?" मी ओरडलेच.

"आई, हळू. बाहेर लोक आहेत."

"असू देत! त्यांनाही कळू दे!"

बाई हसल्या. "तुमची दहाही बोटं सारखीच. तुलनेला एक चांगलं नख दाखवते. तुम्ही द्या हो जरा बोट."

एसेकिएलनं ऐटीत हात पुढे केला. बाई बघत राहिल्या. मग दुसरं बोट घेतलं. मग तिसरं.

"तुमची नखं दुखतात?"

"सुतारकाम करतो मी. मार लागतो."

"इथेही तशीच सूज दिसतेय. हे घराण्यात चालत येतं. वेगळी वेळ घेऊन या, नीट बघू."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. रोज मोरेनाला आंघोळ तोच घालतो. "पण डॉक्टर," तो चाचरत म्हणाला, "मी बाळाला घेतलं तर चालेल ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आत्ता सांगितलं ना त्यांनी, लागत नाही म्हणून! आणि माझ्या वेळी का नाही रे विचारलंस हे कुणाला?"

तो बोटांवरचं जेल पुसायला लागला. मला त्याची दया येत होती, आणि त्या दयेचाही राग येत होता.

"चल घरी," मी म्हटलं. "पोर आधी माझ्या हातात दे. तुझं रडगाणं मग ऐकते."