गळक्या नळाची तक्रार

कामथडीच्या पुढे हायवे सोडून आत वळलं की एक गाव लागतं. त्या गावच्या ग्रामसभेत कित्येक वर्षं एक तक्रार ठरलेली होती. मधल्या आळीच्या कोपऱ्यावरचा सार्वजनिक नळ गळतो. बायका ती मांडत, सरपंच सोमनाथ मान डोलवत, मग चहा येई. हळदीकुंकवाला जाऊन आल्यासारख्या बायका समाधानानं घरी परतत आणि नळ गळत राही.

जलालभाई आतारांना ही रीत कुणी समजावून सांगितली नव्हती. ते निवृत्त शाळामास्तर, पुस्तकात डोकं घालून बसणारे. वॉर्डातले दोन गट एकमेकांचा माणूस चालवून घेईनात, म्हणून ज्यांचं कुणाशीच वाकडं नाही असे जलालभाई बिनविरोध मेंबर झाले. हे आपल्याला झेपणारं नाही, असं त्यांना पहिल्या दिवसापासून वाटत होतं. सभेत बोलायची वेळ आली की ते शेजारच्या मेंबरकडे बघायचे. साहजिकच त्यांच्या हातून वॉर्डाचं एकही काम झालं नव्हतं.

पण ही नळाची तक्रार त्यांनी मनावर घेतली. तालुक्याच्या कचेरीत खेटे घातले. साहेब जागेवर नसले की बाहेरच्या बाकावर पुस्तक उघडून बसले. शेवटी उन्हाळ्याच्या तोंडाला नवा पाइप, नवी तोटी आणि घोटीव सिमेंटचा ओटा झाला. एक थेंब गळेना. जलालभाई रोज संध्याकाळी फिरायला निघत आणि त्या कोरड्या ओट्यापाशी उगीच रेंगाळत. "निघाले ताजमहाल बघायला," असं त्यांची बायको शमीम म्हणायची.

आणि एक दिवस आळीतली धोंडाबाई दारात येऊन उभी राहिली.

"मेंबर, तक्रार हाय."

"कसली?"

"नळ गळत न्हाई."

जलालभाईंना आधी वाटलं, ही थट्टा करते आहे. पण धोंडाबाईच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. नळाच्या गळतीचं पाणी तिच्या भिंतीमागं जायचं, आणि तिथं तिचं आळू होतं. काळ्या देठाचं, घशाला अजिबात न खाजणारं. भर उन्हाळ्यात पंचक्रोशीत कुठं आळू नसलं तरी तिथं सुपाएवढी पानं डुलायची. आता ती माना टाकून पडली होती. तिनं बादल्या ओतून पाहिल्या, पण आळवाला पायाखाली सततचा चिखल लागतो, आणि बादल्या वाहायला तिचे गुडघे साथ देत नव्हते. एरवी तिनं सोडूनही दिलं असतं. पण विंझरला दिलेली तिची रत्ना लग्नानंतर खूप वर्षांनी पोटुशी राहिली होती. पोरीला अन्न म्हणून जात नव्हतं. महिन्याभरात तिचं डोहाळजेवण माहेरी व्हायचं होतं आणि तिनं एकच मागणं केलं होतं, आईच्या आळवाची वडी.

"पण दर सभेला ही तक्रार सगळ्यांत आधी तुम्हीच करत होतात," जलालभाई चाचरत म्हणाले.

"करत व्हते की. समद्याच करत व्हत्या. तुमी ती खरंच दूर कराल, असं कुणाला वाटलं व्हतं?"

जलालभाई सरपंचांकडे गेले. सोमनाथ इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. दुरुस्त झालेल्या नळाचे फोटो वर गेलेत, आता तो दुरुस्त झाला हीच तक्रार कशी लिहायची, असं म्हणून त्यांनी बाजारातून आळू आणून द्यायचा सल्ला दिला. जलालभाई नसरापूरला जाऊन दोन जुड्या घेऊन आले. धोंडाबाईनं देठ बोटांत फिरवला, नखानं जरासा सोलला आणि जुड्या परत केल्या. हे खाल्लं तर पोरगी दिवसभर घसा खाजवत बसंल, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला जलालभाई शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याचा पाना मागून घेऊन नळापाशी गेले. विचार करत बसलो तर आपल्याच्यानं होणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मेंबर म्हणून केलेलं एकुलतं एक काम. त्यांनी डोळे मिटून पाना लावला. नट हलेना. काम फारच चांगलं झालं होतं. ओट्यावर पाय देऊन ते जोर लावत असतानाच मागून आळीतली सखूबाई आणि आणखी चार बायका आल्या.

"मेंबर, हे वो काय?"

खोटं बोलायची सवय नव्हती. "नळ गळका करतोय," ते म्हणाले.

मग एकीला हसू फुटलं आणि सगळ्या पदर तोंडाला लावून हसू लागल्या. जलालभाईंनी खाली मान घालून सगळं सांगितलं, रत्नाचं मागणंसुद्धा. सखूबाईनं त्यांच्या हातातला पाना काढून घेतला.

"एवढ्या वर्सांनी काम झालंय, आन् ते मोडायला निघाले," ती म्हणाली. मग बायकांकडे वळली. "ह्यांचा ओटा घाण नको म्हून आपुन भांडी घरी घासायला लागलो. उद्यापासनं समदी भांडी हितं. साबण न्हाई, राखेनं घासायची."

सकाळी जलालभाईंनी स्वतः कुदळ घेतली आणि ओट्यापासून भिंतीमागं चर खणला. तो इतका वाकडा गेला की बायकांना दिवसभर बोलायला विषय झाला. पण पाणी त्यातनं नेमकं आळवाला पोचलं. तांदळाचं धुवण, भाजीचं पाणी, पातेली विसळलेलं पाणी, सगळं तिकडंच. ओट्यावर पुन्हा गप्पांना ऊत आला आणि आठवड्यात आळवाला नव्या, गुंडाळलेल्या सुरळ्या फुटल्या.

डोहाळजेवणाला आळीत पाय ठेवायला जागा नव्हती. बायकांचा कार्यक्रम म्हणून जलालभाई घरीच पुस्तक घेऊन बसले, पण पान उलटत नव्हतं. खाजली तर? पाणी बदललंय.

दुपार कलताना धोंडाबाई झाकलेली ताटली घेऊन आली. ताटलीत एकच वडी होती. रत्नानं किती दिवसांनी पोटभर खाल्लं, पुन्हा पुन्हा मागून घेतलं, आणि तिचं बघून बाकीच्यांनीही हात आखडला नाही, असं तिनं एका दमात सांगितलं.

"लई कमी पडल्या वड्या, मेंबर. आता ह्याची तक्रार कुठं करावी?"

"माझ्याकडंच करा," जलालभाई म्हणाले, आणि एवढ्या मोठ्यानं हसले की घरात कोण आलंय ते बघायला शमीम आतून बाहेर आली.