अभिमनचा अंगठा आणि जावयाचा प्रोसेसर

आमच्या जावयाची एक खोड मला लग्नापासून पटलेली नाही. थोडं चुकलं की माणूस आवाज चढवतो आणि जास्त चुकलं की एकदम गोड होतो. त्या रविवारी तोताराम धुळ्याहून असोद्याला आले ते गोड होऊनच. दारातच म्हणाले, "मामी, तब्येत काय म्हणते?" इतक्या वर्षांत माझी तब्येत त्यांनी कधी विचारली नव्हती. मी लेकीच्या तोंडाकडे बघितलं. प्रमिला चप्पल काढायच्या निमित्ताने खालीच बघत राहिली.

माझा धाकटा अभिमन जळगावला डाळमिलमध्ये मशिनीवर आहे. त्याला घरी कॉम्प्युटर जुळवायचा होता. कशाला, तर गाड्या पळवायच्या आणि बंदुका मारायच्या खेळासाठी. लग्न जुळवायच्या वयात हे! पण कमाई त्याची, म्हणून मी गप्प. मदरबोर्ड त्याने जळगावातून आणला. प्रोसेसर मात्र जावईपाव्हणे नाशिकहून आणणार होते, कारण धुळ्याला कॉम्प्युटरचा क्लास काढलेला माणूस. अभिमन फोनवर बोर्डाचं नाव सांगायला गेला, तर पाव्हणे म्हणाले, "मला शिकवतोस का?"

जळगावच्या दुकानदाराने पोराला बजावलं होतं, प्रोसेसरचा चौकोनी तुकडा बोर्डावर नुसता ठेवला की बसतो. नाही बसला तर जोर करू नको. त्याच्या खालचे सुईसारखे बारीक पाय सरळ असले तर माल परत घेतात. एक जरी वाकला, तर कोणी हात लावत नाही.

घरात आल्यावर तोतारामांनी डबी उघडली, तुकडा खिडकीपाशी धरला, बोर्डाकडे बघितलं आणि डबी मिटली. चहा मागितला. चहा पिऊन पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. मी लसूण सोलत होते, पण डोळे काही लसणात नव्हते.

"काय हो, बरोबर आहे ना?"

"बठ्ठं बरोबर शे, मामी."

मग स्वतः उठले आणि अभिमनला आपल्या जागी बसवलं. "ये रे. मशीन तुझं, पहिला हात तुझाच लागू दे. ठेव आणि अंगठ्याने दाब."

इथे मला खटकलं. आमच्याकडे पंखा उघडायचा असो की मिक्सर, हा माणूस दुसऱ्याला पाना धरू देत नाही. आज एवढं मोठं मन कुठून आलं?

अभिमनने तुकडा ठेवला. तो एका बाजूने वरच राहिला.

"दाजी, बसत नाही."

"नवा आहे, घट्ट असायचाच. दाब."

दुकानदाराचं बोलणं पोराला आठवत होतं, ते तोंडावर दिसत होतं. पण जावयाला 'नाही' म्हणायची आमच्यात रीत नाही. पाव्हण्याने अळणी म्हटलं तर खारट भाजीतही मीठ टाकतील आमची माणसं. अभिमनचा अंगठा टेकला.

"अभिमन, हात काढ," मी म्हटलं.

प्रमिलाने माझा पदर ओढला. "माय, राहू दे ना. घरी मला ऐकावं लागेल."

"ऐकवू तर देत. मग मी येते धुळ्याला." मी अभिमनकडे वळले. "तो उचल. उलटा करून बोर्डाशेजारी धर आणि काय दिसतं ते मोठ्याने सांग."

तो बघत राहिला. "माय, याला एकाच कोपऱ्यात पाय नाहीत. बोर्डावर दोन कोपऱ्यांत भोकं नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे हा या बोर्डाचा नाहीच."

"आणि दाबला असतास तर?"

"पाय वाकले असते."

"आणि वाकवले म्हणून नाव कोणाचं झालं असतं?"

अभिमनने दाजींकडे बघितलं. तोताराम रिकाम्या कपात बघत होते. मग म्हणाले, "मामी, मला वाटलं, चालून जाईल."

"चालून जाईल वाटलं, तर स्वतः का नाही दाबलात?"

अभिमनने एकेक पाय निरखला. सगळे सरळ होते. त्याने तुकडा डबीत ठेवला आणि डबी पाव्हण्यांपुढे सरकवली. मी हात पुसून उभी राहिले.

"पाव्हणे, चुकीचा आणलात, त्याचं काही नाही. उद्या नाशिकला जाऊन बदलून आणा. पण चूक दिसल्यावर माझ्या पोराचा अंगठा पुढे केलात. या घरात तुम्हाला पाट मिळेल, खापरावरचे मांडे मिळतील. तुमच्या शब्दावर मात्र इथलं कोणी यापुढे बोटसुद्धा हलवणार नाही."