राहिलेली गाठ

मी एक जाडाभरडा कॅनव्हास बोलतो आहे. मला बोलायला फार वेळ उरलेला नाही.

माझ्यावर दोन माणसे आहेत. त्यांना चेहरे नाहीत. एक गेरूचा ओघळ, एक निळा. ज्या बाईने मला रंगवले तिला एक मुलगी आणि एक मुलगा. वडिलांच्या आजारपणात कोणी किती केले, यावरून दोघांचे बोलणे तुटले. ती कोणालाही समजावायला गेली नाही. तिने ट्रंकेतून एक लहानसा स्वेटर काढला. तो आधी मुलीने घातला होता, पुढे मुलाने. तिने तो उसवला आणि त्याच लोकरीने दोन्ही आकृत्या टाचल्या. लोकर कोठेही तोडली नाही. गेरूच्या खांद्यातून निघालेला टाका निळ्याच्या छातीत उतरतो आणि तेथून परत येतो.

माझ्या पाठीमागे दोन्ही टोके तिने लांब सोडली. प्रार्थना आटोपली की त्यांवरून हात फिरवी आणि म्हणे, “गाठ मी नाही मारणार. दोघं येतील, एकेक टोक धरतील, तेव्हाच बसेल.”

दोघे आले, पण ती गेल्यावर.

आज ते तिच्या खोलीत उभे आहेत.

“ताई, निळा माझा. ते तांबडं तू ने.”

“लहानपणापासून आधी हात तुझाच. बरं, काप मधून. सारखं काप म्हणजे झालं.”

“मागे दोरे नुसते लोंबतायत गं.”

“शेवटी शेवटी आईला दिसत नव्हतं रे. छाटून टाक नंतर.”

सारखी वाटणी झाली की न्याय झाला, असे माणसाला वाटते. देवाने हात दिले ते एवढ्यासाठी नव्हेत.

कात्री वरच्या काठातून शिरली आहे. पहिला टाका तुटला. मुलीने आपली बाजू ओढली, तशी निळ्याची छाती उसवू लागली.

“ताई, ओढू नकोस. माझ्याकडचं सुटतंय.”

“मग तू सोड.”

कोणीच सोडत नाही.

परमेश्वरा, माझा आवाज यांना पोचत नाही. तू तरी पोचव. मुली, मला एकदा पालथा कर. बाळा, कात्री खाली ठेव. एक टोक तुझ्या अंगठ्याला लागते आहे, दुसरे तिच्या मनगटाला. लोकर भराभर सुटते आहे. पण एका गाठीपुरती अजून आहे.