एकोणीस प्रोटॉन, अठरा इलेक्ट्रॉन

कॅनडातल्या थंडर बेच्या रुग्णालयात आर्वो लेहतिनेन आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायचा. बायको वारल्यापासून घरात तो आणि लेक काइसा, दोघंच. काइसा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. कॉलेज सुटलं की थेट बापाच्या खाटेशी यायची. नळ्या लावलेला हात त्याला हलवता येत नसे. दुसऱ्या हाताने तिचं रसायनशास्त्राचं पुस्तक धरून तो प्रश्न विचारायचा. सारा जन्म लाकूडतोडीत गेलेला. प्रोटॉन म्हणजे काय, ते तिनेच त्याला समजावलं होतं.

"सतरा प्रोटॉन, अठरा इलेक्ट्रॉन?"

"सतरा म्हणजे क्लोरीन. एक इलेक्ट्रॉन जास्त, म्हणून उणे एक. क्लोराइड."

"एकोणीस प्रोटॉन, अठरा इलेक्ट्रॉन?"

"पोटॅशियम. एक इलेक्ट्रॉन कमी, म्हणून अधिक एक."

"म्हणजे माझे बटाटे बंद करणारा मेला हाच का?"

"हाच!" ती हसली. "रक्तात साठला की हृदय बंद पाडतो. तुमची मूत्रपिंडं त्याला हाकलत नाहीत, म्हणून हे यंत्र."

आर्वोने पुस्तक मिटलं. "काइसा, हृदयाला आता हे यंत्रच झेपत नाही. डॉक्टरांशी बोललोय मी. सोमवारपासून यायचं नाही."

"आणि मग?"

"मग काय होतं, ते आत्ता तूच सांगितलंस की."

"मला न विचारता ठरवलंत?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. कपाटाची दारं आपटत घरात वावरली. तिसऱ्या दिवशी बाजारातून बटाटे घेऊन आली, सालीसकट उकडले, वर लोणी आणि शेपू घातला.

"मीठ घालू?"

"सढळ हाताने घाल," आर्वो म्हणाला. तो सावकाश खात राहिला आणि ती समोर बसून त्याच्याकडे बघत राहिली. ताट पुसून झाल्यावर म्हणाला, "तुझ्या आईच्यापेक्षा बरे झालेत. तिला सांगू नकोस हं." तेव्हा कुठे ती रडली.

पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, झोपेतच तो गेला. काइसा उशाशी होती.

तिची परीक्षा हुकली. कॉलेजने पुढची तारीख दिली. बर्फ वितळायच्या सुमारास ती परीक्षेला बसली, चांगल्या गुणांनी पास झाली. निकालाच्या संध्याकाळी तिने घरामागचं सौना, वाफेचं लाकडी न्हाणीघर, तापवलं. वरच्या फळीवर आर्वो बसायचा. ती खालच्या फळीवर बसली, दगडांवर पाणी ओतलं आणि वाफ निवेपर्यंत उठली नाही.