अबू नायफचं नाक

इर्बिद शहरातल्या ताहिनीच्या, म्हणजे भाजल्या तिळांच्या लगद्याच्या, कारखान्यात तीळ भाजावेत ते अबू नायफनेच. बत्तीस वर्षं तो लाकडी फावडं घेऊन भट्टीपुढे उभा होता आणि तीळ नेमके कधी उतरवायचे हे आपलं नाक सांगतं, असं अख्ख्या बाजाराला ऐकवत होता. हाताखाली पाच जण आले. कुणाचे तीळ कच्चे राहिले, कुणाचे करपले. पाचवा त्याचा पोटचा मुलगा, नायफ. "तुला नाकच नाही," म्हणून बापाने त्यालाही चारचौघांत हाकललं. तो आता दूर झरका शहरात लोकांचे केस कापतो आणि ईदेपुरता घरी येतो.

हल्ली अबू नायफच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. कारागिरांचं कसब नोंदवून ठेवायला मालकाने रुबा नावाची तरुणी नेमली आणि तिला महिन्याची मुदत दिली: म्हाताऱ्याच्या डोक्यातलं सगळं कागदावर उतरव, नाहीतर मी मशीनची भट्टी आणतो. मशीनचे तीळ म्हणजे अबू नायफच्या मते निव्वळ भुसा.

रुबाच्या फॉर्ममध्ये दोन रकाने होते: सांगता येणारं ज्ञान आणि सांगता न येणारं ज्ञान.

"न येणारं कसं लिहिणार गं पोरी?"

"तेच तर माझं काम, अम्मो," रुबा त्याला काकाच म्हणायची. "तीळ झाले हे कशावरून कळतं?"

"वासावरून. लिही."

"कसला वास?"

"झाल्याचा!"

रुबाने तेही लिहून घेतलं. तिसऱ्या आठवड्यात त्याला सर्दी झाली, नाक पार चोंदलं. तरी तीळ अगदी बेताचे उतरले. एकदा तिने दिवा मालवून पाहिला. तरीही तेच.

"बघितलंस?" तो ऐटीत म्हणाला.

मग मंगळवारी वीज गेली आणि भिंतीला लागूनच भाड्याचा जनरेटर धडधडू लागला. सर्दी गेलेली, नाक शाबूत, उजेड लख्ख. आणि अबू नायफने अख्खी खेप करपवली. तो पोत्यावर मटकन बसला.

"अम्मो, उतरवायच्या आधी दर वेळी तुम्ही भट्टीकडे कान करता," रुबा हळूच म्हणाली. "एकवीस वेळा टिपून ठेवलंय मी."

वीज आल्यावर त्याने डोळे मिटून फावडं चालवलं. ओले तीळ जड सरकले, मग तडतडले, मग तडतड ओसरून कोरडी सळसळ उरली. तिथे हात आपसूक थांबला.

तो पोट धरून हसला. "बत्तीस वर्षं फुशारकी नाकाची, आणि राबत होता बिचारा कान!"

रुबाने पहिल्या रकान्यात लिहायला घेतलं आणि त्याचं हसू एकदम मावळलं. पाचही पोरांना त्याने वास घ्यायला लावला होता. तेही त्यांच्या कानाशी ओरडत, "हुंग, गाढवा, हुंग!" त्या आरडाओरड्यात तिळांचा आवाज कुणाला ऐकू येणार होता? त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने फोन काढला.

"नायफ? कात्री ठेव जरा खाली. तुझं नाक चांगलं आहे रे. खोट माझ्या तोंडात होती."

पलीकडे कात्रीची कचकच थांबली.

"तू ये. भट्टीपाशी उभा राहा. मी शेजारी गप्प बसतो."

"तुम्ही आणि गप्प, याबा?" नायफ हसला. "हे बघायला तरी आलंच पाहिजे."