आत्याने न बांधलेला करदोरा

काशीबाईच्या घरात पहिल्या नातवाला करदोरा आत्याच बांधते. पोराला पाटावर नागडं उभं करायचं, बायकांनी भोवती बसायचं, आत्याने कंबरेला चांदी बांधायची आणि पोराच्या मर्दपणावर सगळ्यांनी मनसोक्त थट्टा करायची. थट्टा जेवढी वाईट, तेवढं पोर जगतं म्हणतात.

सून स्वप्नालीला ही रीत माहीत होती. म्हणूनच अमेरिकेहून सासरी, जिते गावाला आल्यापासून ती पोराला, निकेशला, कडी लावून आंघोळ घालत होती. "तिकडं पोरांनापन लाज वाटतं क काय गो?" बायका हसायच्या. तीही हसायची.

करदोरा रविवारी ठेवला. सत्त्याण्णव साल होतं, तिच्या नवऱ्याचा, हरेशचा, तिकडून फोन रविवारी सकाळीच यायचा. बापाच्या कानावरही गलका पडावा, ही काशीबाईची हौस.

हरेशची बहीण सगुणा पाटाशी बसली आणि तिने निकेशचा लंगोट सोडला. बायका थट्टेसाठी तोंड उघडून बसल्या होत्या. ती तोंडं तशीच राहिली.

"अगो आये," सगुणा म्हणाली, "ह्याची तं सुंता केलेली हाय!"

निकेश पाटावर थयथय नाचत होता. त्याला वाटलं, सगळे आपल्याकडेच बघतायत म्हणजे कौतुकच आहे.

"तिथे दवाखान्यात सगळ्यांचीच करतात, वन्सं," स्वप्नाली म्हणाली. "जन्मल्यावर लगेच. गोऱ्यांचीसुद्धा. डॉक्टर विचारतात, आईबाप हो म्हणतात."

"मंग तू व्हय म्हनलीस?"

"मी शुद्धीत नव्हते, पोट फाडून झालाय हा. ह्यांना विचारलं. ह्यांना वाटलं, तिथली रीतच असेल."

"आमचा हरेश व्हय म्हनंल? त्यो? आगऱ्याचा पोर?" सगुणाने करदोरा पुन्हा डबीत घातला. मागून कोणीतरी बोललं, "बाप कोन, त्ये आधी इचारा." त्यावर मात्र बायका हसल्या. थट्टेची वेळ अगदीच फुकट गेली नाही.

पेणच्या बाजारात काशीबाई ज्या चाचाकडून मसाला घ्यायची, त्याच्या नातवाच्या सुंतेची मिठाई तिने घरी आणून सगळ्यांना वाटली होती. ज्याचं त्याच्याकडे, असं ती तेव्हा म्हणाली होती. आता ते तिच्याच पाटावर उभं होतं.

फोन वाजला.

स्वप्नाली उठली, पण काशीबाई आधी पोचली. "इचारते त्यालाच," ती म्हणाली. स्वप्नालीने मान डोलवली. तिला बरंच वाटलं. हरेश सांगेल आणि हे संपेल.

"हरेश, पोराची सुंता केलीस तू?"

पलीकडून हरेश म्हणाला, "आई, मीच हो म्हटलं गो. नर्स म्हणाली, सगळेच करतात. मला कळलं नाय. तिची काय चूक नाय, तिला बोलू नको. सगळ्यांना सांग, मी केलं. फोन तिला दे."

काशीबाईने वळून बघितलं. सगुणा, भावकीतल्या बायका, सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या. ह्याच बायका उद्या हरेशला बाटला म्हणणार होत्या, पंगतीत त्याच्या शेजारचं पान उचलणार होत्या. सून काय, सून परक्या घरची, रोह्याची.

तिने फोन ठेवला.

"त्याला... त्याला काय माहीत नाय," ती म्हणाली. "त्यो कामावर होता."

स्वप्नाली रडली नाही. तिने निकेशला उचललं, लंगोट बांधला आणि बॅग भरायला आत गेली. कोणी अडवलं नाही.

काशीबाईने मात्र गाडीत खायला भाकऱ्या बांधल्या. निकेशच्या टाळूवर तेल जिरवलं, त्याचे पाय कुरवाळले. बायका पांगल्यावर स्वप्नाली उंबऱ्यापाशी पाया पडायला वाकली आणि वाकूनच तिने हळू विचारलं, "आई, आता कोणी नाही. खरं सांगा, हे खरंच असं बोलले?"

मघाशी बायकांसमोर बोलताना काशीबाईची जीभ अडखळली होती.

"असाच बोलला गो," ती म्हणाली. "वर म्हनाला, तिला फोन देऊ नको."